विहिरीत दम धरायचा, समुद्रात सोडायचा: पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंग शिकणाऱ्यांसाठी

दिवाळी झाली की मोर्शी-वरुडकडून कोकणात जाणाऱ्या गाड्या वाढतात, आणि आठवड्याभरात तारकर्लीच्या पाण्याखालचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर यायला लागतात. त्यात आता आयएनएस गुलदारची भर पडली आहे. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ही युद्धनौका सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवायची, आणि तिथे पाण्याखालचं संग्रहालय अन् माशांसाठी कृत्रिम प्रवाळ करायचं, असा प्रकल्प सरकारने हाती घेतला. बातम्या आल्या आणि पारावर प्रश्न सुरू झाले. "पान्यात दम कसा घेतेत?" "आक्सिजन सरला तं?" "मले पोयता येत नाई, मले नेतीन का?" मी स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचा, कोर्स केला आहे हे गावाला माहीत असल्याने प्रश्न माझ्यापर्यंत येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहावीत म्हणून हा लेख.

पाण्यात खाली जाणारा माणूस आपल्याकडे एरवी वाईट प्रसंगीच दिसतो. सप्टेंबर २०२१ मध्ये वरुड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली, एकाच गोतावळ्यातली अकरा माणसं गेली, आणि शोधपथकं नदीत उतरली. ज्यांनी काठावर उभं राहून ते पाहिलं, त्यांच्या मनात खोल पाणी म्हणजे काय हे कायमचं ठरून गेलं आहे. ती भीती खोटी आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. पण स्कूबाच्या बाबतीत ती चुकीच्या जागी बसते. लोक घाबरतात हवा संपण्याला. नवशिक्याला खरा धोका आहे तो विहिरीने आपल्या अंगात मुरवलेल्या एका सवयीचा: पाण्यात गेलो की दम धरून ठेवायचा.

## सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण ऑक्सिजनची सिलिंडरं डोळ्यांनी पाहिली, तेव्हापासून पाठीवरची टाकी म्हणजे ऑक्सिजनच, असा पक्का समज झाला आहे. तसं नाही. त्या टाकीत तुम्ही आत्ता घेताय तीच हवा असते: साधारण २१ टक्के ऑक्सिजन, उरलेला जवळजवळ सगळा नायट्रोजन. कॉम्प्रेसर ती गाळून, कोरडी करून टाकीत दाबून भरतो. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली अंगावर उलटू शकतो, पाण्यातच झटके येऊ शकतात. म्हणून हौशी डायव्हरच्या टाकीत तो नसतोच.

हवा पुरते किती? नेहमीची टाकी ११-१२ लिटरची असते आणि तिच्यात हवा सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. एक बार म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेचा जेवढा दाब असतो, जवळपास तेवढा. बारा लिटरच्या टाकीत दोनशे बार म्हणजे २,४०० लिटर हवा झाली. शांत माणूस मिनिटाला पंधरा-वीस लिटर हवा घेतो. वीस धरले तर जमिनीवर ही टाकी दोन तास चालेल, दहा मीटर खोलीवर एक तास, वीस मीटरवर चाळीस मिनिटं. खोल गेल्यावर का कमी पुरते ते पुढे येईलच. शिवाय टाकी पूर्ण रिकामी करायची नसते. किती हवा उरली हे दाखवणारा काटा हाताशी लटकत असतो, तो दर काही मिनिटांनी बघायचा, आणि निदान ५० बार शिल्लक असतानाच पाण्यावर यायचं. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याची टाकी शेजाऱ्याच्या आधी संपते. शांत राहणं हा इथे स्वभावाचा गुण न राहता हिशोबाचा भाग होतो.

## नुसती लांब नळी का नको?

लहानपणी तळ्यात पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून पाण्याखाली बसायचा खेळ बऱ्याच जणांनी केला असेल. मग तोच देठ तीस फूट लांब केला तर टाकीची गरज काय? शाळेतल्या पोरांचा हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याच्या उत्तरात अख्खं स्कूबा आहे.

पाणी जड असतं. तुम्ही खाली गेलात की ते चहूबाजूंनी छातीवर दाबतं. वरून नळीने येणारी हवा मात्र वरच्याच दाबाची, हलकी. मीटरभर खोलीच्या आसपासच छातीचे स्नायू हरतात. बरगड्या फुगवून ती हवा आत ओढणं जमतच नाही. म्हणजे खाली श्वास घ्यायचा तर भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा तोंडाशी यायला हवी. जास्त आली तर छाती फाटेल, कमी आली तर ओढता येणार नाही.

हे काम रेग्युलेटर करतो. टाकीच्या तोंडाशी असलेला त्याचा पहिला भाग २०० बारचा दाब एकदम खाली आणतो. तोंडात धरायचा दुसरा भाग तो आणखी उतरवून पाण्याच्या दाबाइतका करतो, आणि तुम्ही श्वास ओढाल तेव्हाच हवा सोडतो. फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी १९४३ मध्ये हे यंत्र जमवलं. गान्यांनी त्याआधी युद्धकाळात पेट्रोल मिळेना म्हणून गॅसवर गाड्या चालवण्यासाठी एक झडप बनवली होती, तीच त्यांनी श्वासाच्या कामी लावली. आज मालवणात पर्यटकांना खाली नेणारा पोरगा वापरतो ते यंत्र मुळात हेच आहे.

## दर तेहतीस फुटांचा हिशोब

आपण जमिनीवर असतो तेव्हा अंगावर हवेचा एक बार दाब असतो. समुद्रात दर दहा मीटरला, म्हणजे तेहतीस फुटांना, त्यात एकेक बार वाढतो. दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार.

पाण्याने भरलेली खोल विहीर असेल तर घरीच करून बघता येईल. प्लास्टिकची रिकामी बाटली झाकण न लावता तोंड खाली करून दोरीला बांधा, खाली दगड लटकवा आणि सरळ उभी सोडा. पाण्यात तेहतीस फुटांवर गेली की ती अर्धी पाण्याने भरलेली असते. हवा कुठे गेली नाही, तीच हवा अर्ध्या जागेत मावली. वर ओढा, हवा पसरते आणि बाटली पुन्हा होती तशी होते. दाब दुप्पट झाला की हवेची जागा निम्मी होते, हे रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलं. दहा मीटरवर टाकी निम्मा वेळ का पुरते तेही यातच आलं. खाली प्रत्येक श्वासात दुप्पट दाबलेली हवा जाते.

आपलं बहुतेक शरीर पाण्याचं असल्याने त्याला या दाबाचं काही वाटत नाही. जिथे हवा आहे तिथेच सगळा खेळ चालतो: फुप्फुसं, कान, नाकाच्या बाजूच्या पोकळ्या आणि डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कच्या आतली जागा.

## कान दुखतात तो पडदा असतो

विहिरीच्या तळाचं नाणं काढायला गेलेल्या प्रत्येकाला ती कळ ठाऊक आहे. कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते. बाहेरून पाणी दाबतं, आतली हवा आकसते आणि पडदा आत ओढला जातो. ही पोकळी घशाला एका बारीक नळीने जोडलेली असते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हळू नाकात हवा फुंकली की ती नळी उघडते आणि पडदा जागेवर येतो. इटलीतले शरीररचनातज्ज्ञ वाल्साल्वा यांच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते. काहींचं नुसता आवंढा गिळून काम होतं.

हे दुखायला लागण्याआधी करायचं, आणि दर मीटरभर उतरताना पुन्हा पुन्हा करायचं. आपल्याकडची पोरं कळ सहन करून तळ गाठतात आणि त्यालाच मर्दुमकी म्हणतात. इथे ती मर्दुमकी पडदा फाडते. कान मोकळा होत नसेल तर थोडं वर या, पुन्हा प्रयत्न करा, तरीही नाही झाला तर त्या दिवशी खाली जाऊ नका. सर्दी असेल तर ती नळी सुजलेली असते, त्यामुळे सर्दीत डायव्हिंग नाहीच. तिकिटं काढलेली असली तरी नाही.

## दम का धरायचा नाही

आता मूळ मुद्दा. विहिरीत बुडी मारणारा वर छातीभर हवा घेतो. खाली जाताना ती आकसते, वर येताना पुन्हा पहिल्याइतकी होते. वर घेतली होती तेवढीच हवा घेऊन तो बाहेर येतो, म्हणून दम धरण्याने त्याचं काही बिघडत नाही.

स्कूबात श्वास खाली घेतलेला असतो. मोठ्या माणसाच्या फुप्फुसात साधारण सहा लिटर हवा मावते. दहा मीटरवर तुम्ही रेग्युलेटरमधून छाती भरून घेतलीत, घाबरलात, दम धरलात आणि पाय मारत वर निघालात. पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत त्या सहा लिटरचे बारा लिटर व्हायला बघतात. जागा सहाचीच आहे. फुप्फुसाचा पातळ पडदा फाटतो, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूकडे जातात. याला फार खोली लागत नाही. भरल्या छातीने दीड मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते, म्हणजे जलतरण तलावातसुद्धा.

उथळ पाण्यात हा धोका उलट जास्त असतो. तिसाव्या मीटरवरून विसाव्यावर आलात तर दाब चारावरून तीनवर येतो, हवा एक तृतीयांशाने फुगते. शेवटच्या दहा मीटरमध्ये ती थेट दुप्पट होते. "आम्ही काही खोल जात नाही, धा-पंधरा फुटातच तं राहतो" असं म्हणून जो निर्धास्त होतो, त्याने हे दोन आकडे पुन्हा वाचावेत.

म्हणून स्कूबाचा पहिला नियम जगभर एकच शिकवतात: श्वास चालू ठेवा, कधीही रोखू नका. रेग्युलेटर तोंडातून निघाला तरी ओठांतून बारीक बुडबुडे सोडत "आऽऽ" म्हणत राहायचं. ऐकायला सोपं आहे. पण जो पोरगा आठव्या वर्षापासून विहिरीत सूर मारतो, त्याची छाती पाणी लागताच आपोआप बंद होते. मी पाहिलेल्या नवशिक्यांत चांगल्या पोहणाऱ्यांनाच ही सवय मोडायला वेळ लागला, कारण त्यांच्याकडे मोडायला सवय होती. कधी पाण्यात न गेलेली माणसं सांगितलं तसं करत गेली.

## तलावातला पहिला तास

समुद्रात नेण्याआधी उथळ, शांत पाण्यात सराव करून घेतात. त्यातला एक प्रकार जवळून सांगतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

तुम्ही छातीभर पाण्यात गुडघ्यांवर बसलेले असता. डोकं पाण्याखाली. कानात फक्त स्वतःचा श्वास: ओढताना सीऽऽ, सोडताना बुडबुड्यांची खळखळ. समोरचा इन्स्ट्रक्टर मास्कच्या वरच्या कडेला बोट लावतो आणि खूण करतो की पाणी आत येऊ दे. तुम्ही कड जराशी उचलता. पाणी गालावरून नाकपुड्यांपर्यंत चढतं, डोळे आपोआप मिटतात, आणि सगळं शरीर एकच आज्ञा देतं, उठ. तोंडात हवा येतेच आहे, पण नाक भिजलंय एवढ्यावरच मेंदूला वाटतं की आपण बुडतोय. तिथे काही क्षण थांबून तोंडानेच दोन श्वास घ्यायचे. मग मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान थोडी वर करायची आणि नाकाने लांब फुंकायचं. पाणी खालच्या कडेने निघून जातं. डोळे उघडता तेव्हा इन्स्ट्रक्टर समोर तसाच बसलेला असतो.

एकदा हे जमलं की निम्मी भीती जाते. पुढचे धडे त्यामानाने सोपे: रेग्युलेटर तोंडातून काढून परत घालणं, सोबत्याची हवा संपली असं समजून त्याला आपल्या जाकिटावरची जादा नळी देणं. ते जाकीट हवा भरून किंवा सोडून तुम्हाला वर-खाली करतं. त्याच्या जोडीला कमरेला शिशाची वजनं असतात, नाहीतर खारं पाणी माणसाला बुडूच देत नाही. खाली बोलता येत नाही, म्हणून खुणा पाठ कराव्या लागतात. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल म्हणजे "सगळं ठीक". नुसता अंगठा वर केलात तर त्याचा अर्थ "वर जाऊया" असा होतो. आनंदाच्या भरात अंगठा दाखवला आणि इन्स्ट्रक्टरने वर नेलं, असं नव्या लोकांचं नेहमी होतं.

## वर येताना घाई का नको

हवेतला नायट्रोजन एरवी आपल्या काही कामाचा नाही. आत जातो, बाहेर येतो. दाबाखाली मात्र तो रक्तात आणि मांसात विरघळायला लागतो, जितकं खोल आणि जितका वेळ तितका जास्त. हळूहळू वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. एकदम आलात तर गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर बाटलीत होतं ते अंगात होतं. विरघळलेला वायू जागच्या जागी बुडबुडे होऊन सुटतो. सांधे ठणकतात, अंग बधिर होतं, वाईट प्रसंगी पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय जातात. या आजाराला बेंड्स म्हणतात.

हा आजार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसला तो पुलांच्या मजुरांत. नदीच्या तळाशी दाबलेल्या हवेच्या पेट्यांत उतरून ते पाया खणायचे आणि वर आल्यावर वेदनेने वाकायचे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ मध्ये याच आजाराने अंथरुणाला खिळले, आणि पुढे काम तडीला नेण्याचा भार त्यांच्या पत्नी एमिली यांनी उचलला. मजुरांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. वर कसं आणि किती थांबत यायचं याचा शास्त्रीय तक्ता जॉन हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये छापला. आज मनगटावरचा छोटा संगणक तेच गणित करतो.

नवशिक्याने तीन गोष्टी पाळाव्यात. मिनिटाला नऊ-दहा मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. आणि लगेच उंचावर जायचं नाही. ही तिसरी गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची, कारण आपली सहल नेहमी घाईची असते: सकाळी डाइव्ह, संध्याकाळच्या विमानाने नागपूर. विमानात हवेचा दाब कमी असतो. एक डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर निदान १८ तास विमान नको. आंबोलीचा घाटसुद्धा सातशे मीटरच्या आसपास चढतो. उथळ पाण्यातल्या एका छोट्या डाइव्हनंतर त्याची फार चिंता नाही, पण कोर्स संपवून त्याच दुपारी घाट चढणार असाल तर इन्स्ट्रक्टरला आधी सांगा. डाइव्ह पहिल्या दिवशी आणि देवदर्शन शेवटी, असा क्रम लावला की प्रश्नच उरत नाही.

## "मले पोयता येत नाई"

पर्यटकांना एकदा खाली नेऊन आणतात, त्याला पोहता यावं लागत नाही. इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. शिकल्याचं प्रमाणपत्र म्हणून कार्ड देणारा कोर्स करायचा असेल तर पोहता यावं लागतं. पॅडी या संस्थेच्या पहिल्या पायरीच्या कोर्सला २०० मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं एवढं पाहतात. वेळेची अट नाही, कुठल्याही पद्धतीने पोहा.

माझं मत विचाराल तर दोन्हीसाठी आधी पोहायला शिका. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात बोअर इतक्या खोल गेल्या की विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवतात, आणि पाठीला डबा किंवा ट्यूब बांधून पोरांना विहिरीत सोडणं आमच्या पिढीबरोबर संपत आलं. मुलींना तर तेव्हाही कुणी उतरू दिलं नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण शरीर लहान असलं की हवा कमी लागते, आणि ज्यांना विहिरीच्या सवयी नाहीत त्या मुली स्कूबा फार लवकर उचलतात. अमरावतीत जलतरण तलाव आहेत. एक उन्हाळा पुरतो.

## मालवणात तर अर्ध्या तासात करून देतात, मग कोर्स कशाला?

अर्ध्या तासात मिळतो तो अनुभव, शिक्षण नाही. अनुभवही चांगलाच आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. तिथले पोरगे त्याच पाण्यात वाढलेले आहेत, मराठीत समजावतात, हात सोडत नाहीत. फक्त गर्दीच्या दिवसांत सगळंच घाईत उरकलं जाऊ शकतं, तेव्हा आपण विचारायचं. समुद्रात नेण्याआधी उथळ पाण्यात सराव करून घेणार का? एका इन्स्ट्रक्टरमागे माणसं किती? आरोग्याचा फॉर्म कुठे आहे? बोटीवर आणीबाणीसाठी ऑक्सिजन ठेवलाय का? (आजारी डायव्हरला वर आणल्यावर शुद्ध ऑक्सिजनच देतात, तो तिथे कामाचा.) यातल्या दोन प्रश्नांना टोलवाटोलवी झाली तर पैसे परत घ्या आणि किल्ला बघून या.

कोर्सला तीन-चार दिवस लागतात: थोडा अभ्यास, तलावातला सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. वयाची दहा वर्षं पूर्ण असली की मुलंही करू शकतात. मोठ्यांना मिळणाऱ्या कार्डावर सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. खर्च वीस-पंचवीस हजारांपासून पुढे जातो, तो कापसाच्या हंगामावर जगणाऱ्या घराला मोठाच आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे सरावासाठी खोल तलाव बांधलेला आहे. त्याशिवाय कर्नाटकात मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी बेट आणि अंदमानातलं स्वराज द्वीप इथेही बरेच जण शिकतात. पावसाळ्यात कोकणात हे सगळं बंद असतं.

खाली गेल्यावर एक पाळा. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे. प्रवाळ दगडासारखं दिसतं पण जिवंत असतं, त्याला हात लावू नका, त्यावर उभे राहू नका. फोटोसाठी माशांना ब्रेड टाकायला कुणी दिला तर घेऊ नका.

## कोणी जाऊ नये

फॉर्मवर प्रश्न असतात: दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, मधुमेह, चालू औषधं. "सगळ्यावर नाही लिवा" असा सल्ला रांगेतलाच कोणीतरी देतो. तो ऐकू नका. दम्यात फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकून राहते, आणि अडकलेली हवा वर येताना काय करते ते वर सांगितलंच आहे. कशाला हो म्हणावं लागलं तर डॉक्टरांचं पत्र घेऊन जा.

दोन गोष्टी खास आपल्याकडच्या. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. एसएस असेल, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल, तर डायव्हिंगचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करूच नये. एएस, म्हणजे नुसते वाहक असाल, तरी आधी डॉक्टरांना विचारा. फॉर्मवर हा प्रश्न नसला तरी आपण होऊन सांगा. दुसरी गोष्ट खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण. वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेल्यांचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं, आणि रेग्युलेटर तर दातांत अन् ओठांत घट्ट धरावा लागतो. दोन बोटंही आत जात नसतील तर डायव्हिंग राहू द्या, आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा.

## आपल्या अप्पर वर्धा धरणात उतरता येईल का?

कार्ड मिळालेली पोरं परत आली की हा विचार येतोच, म्हणून स्पष्ट लिहितो. नाही. धरणाचं पाणी गढूळ असतं, काही मीटरवर हात दिसत नाही. तळाशी जुनी झाडं आणि तुटलेली जाळी असतात, त्यात नळी अडकली की सोबत्याला कळतही नाही. दरवाजांजवळची पाण्याची ओढ वेगळीच. पर्यटकांना मिळणारं कार्ड स्वच्छ पाण्यात, दिवसाउजेडी, सोबत्यासह खाली जाण्यापुरतं आहे. बुडालेल्याला शोधणं हे वेगळ्या प्रशिक्षणाचं काम आहे. दोरीने काठाशी बांधलेला माणूस आंधळ्या पाण्यात हाताने चाचपत जातो आणि दोरीच्या झटक्यांनी बोलतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी नागपुरात आहे, ते लोक यासाठी तयार असतात.

गावात असा प्रसंग आला आणि कुणी "तुले तं येते ना, जाय खाली" म्हणालं तर जाऊ नका. ११२ ला फोन लावा, माणूस नेमका कुठे दिसेनासा झाला ती जागा काठावर खूण करून ठेवा, आणि दोर, ट्यूब, डोंगा जे असेल ते घेऊन मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना बोलवा. त्या पाण्याचा तळ त्यांना ठाऊक असतो.